सहाशे चाळीस किलो

माझी आई एकोणतीस वर्षं सरकारी हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. त्यातली शेवटची अकरा तिथली मुख्य म्हणून. मुख्य म्हणजे खुर्चीत बसणारी नव्हे. खुर्चीवर कायम कुठल्या तरी वॉर्डाचे गाऊन पडलेले असायचे आणि ती उभीच असायची. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मावशी म्हणत.

लाँड्री तळघरात होती. वाफेनं भिंती कायम घामेजलेल्या. धुण्याचे तीन मोठे ड्रम, इस्त्रीचा एक लांबलचक रोलर, आणि मध्ये सिमेंटचा ओटा. सकाळी सगळ्या वॉर्डांची गाठोडी त्या ओट्यावर सुटायची आणि आईच्या हाताखालच्या बायका त्यांचे पाच ढीग करायच्या. ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे वेगळे. बाळंतिणी आणि बाळांचे वेगळे. संसर्गाच्या रोग्यांचे तर आधीच बादल्यांत भिजत पडलेले. जनरल वॉर्डाचा ढीग सगळ्यांत मोठा. आणि सगळ्यांत लहान ढीग जळीत वॉर्डाचा.

त्या लहान ढिगावर आईचा जीव होता. जळालेल्या माणसाला नवं कापड म्हणजे पॉलिश पेपर, असं ती म्हणायची. म्हणून नवी चादर आधी जनरल वॉर्डात जायची. चार-पाच वर्षं धुऊन धुऊन तिचा ताठा उतरला, की आई ती बोटांत चोळायची, मग मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवायची. पास झाली की कोपऱ्याला लाल टाका आणि रवानगी जळीत वॉर्डाच्या कपाटात. तिला ब्लीच लावायचं नाही, खळ लावायची नाही, रोलरवर घालायची नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. आईच्या आधीच्या मुख्य बाईंनी तिला शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या आधीच्या बाईंनी.

एके दिवशी खात्याकडून एक अर्थतज्ज्ञ आले. तिशीतले, सडसडीत, बोलायला अत्यंत गोड. अकरा हॉस्पिटलांच्या लाँड्र्या बंद करून शहराबाहेर एकच मोठा प्लांट काढावा का, याचं मॉडेल ते करत होते. मॉडेल म्हणजे कागदावरचं छोटं जग. त्यात आकडे घालायचे, फिरवायचे, आणि खऱ्या जगात काय होईल ते आधीच बघायचं.

"मावशी, रोज किती कपडा धुता?" त्यांनी वही उघडून विचारलं.

"कुठला?"

"सगळा मिळून."

"सगळा मिळून आम्ही धुतच नाही, साहेब. तसा धुतला तर माणसं मरतील."

ते हसले. रोलरवरच्या बायकाही हसल्या. "बरोबर आहे. पण एकूण वजन तरी?"

"सहाशे चाळीस किलो. पण असं बघा, या ओट्यापाशी या जरा..."

"मावशी, तुम्ही सांगता ते खरंच असणार," ते म्हणाले. "पण अकरा हॉस्पिटलं आहेत. प्रत्येकाचा एवढा तपशील घेतला तर मॉडेल चालणार नाही. सोपं करणं हेच तर मॉडेलचं काम."

"सोपं कुणाला?" आईनं विचारलं.

हे त्यांनी लिहून घेतलं नाही. पाणी किती, वीज किती, माणसं किती, एवढं विचारून वीस मिनिटांत ते गेले. ओट्यापर्यंत आले नाहीत. रोलरवरच्या बाईनं त्याच दिवशी त्यांचं नाव सरासरीसाहेब ठेवलं आणि मग आम्ही घरीही तेच म्हणू लागलो.

अहवाल आला तेव्हा आईनं तो घरी आणला. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकड्यांचा कागद घरात आला की तो माझ्या पुढ्यात येतो. बाबा शिंपीकाम करतात. ते मशीनवर बसल्या बसल्या ऐकत होते. मी पानं उलटत गेले आणि खरं सांगते, मला तो अहवाल आवडला. स्वच्छ होता. पाण्याची बचत, वाफेची बचत, सगळं नीट मांडलेलं.

"यात माझा जळीत वॉर्ड कुठं आहे?" आई म्हणाली.

"सहाशे चाळिसात आहे ना."

"सहाशे चाळिसात कुठं?"

"वेगळं नाही दाखवलेलं, आई. कपडा एकजिनसी धरलाय. म्हणजे एक किलो कपडा बरोबर एक किलो कपडा."

"सब घोडे बारा टक्के," बाबा मशीन न थांबवता म्हणाले.

मग तिला ती ओळ सापडली. चादर : आयुष्य शंभर धुलाया, त्यानंतर मूल्य शून्य. आईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ओळीवर बोट ठेवलं.

"शंभर धुण्यांनंतर तर ती कामाला येते," ती म्हणाली. "हे उलटं लिहिलंय."

मी तिला समजावायला लागले. माझ्या समजावण्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, आई, शहराचा नकाशा काढायचा तर त्यात प्रत्येक घराची प्रत्येक खिडकी दाखवता येत नाही. दाखवली तर नकाशा शहराएवढा होईल, आणि मग त्याचा उपयोग काय? काहीतरी गाळावंच लागतं. वर्गात मुलांना सांगते त्याच सुरात सांगितलं.

आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मी कुठं म्हणते सगळं दाखवा? मीही पाचच ढीग करते, पाचशे नाही. पण पाचाचा एक करायचा तर कुणी तरी विचारायला नको?"

मी म्हणाले, "सरासरी काढताना थोडं इकडंतिकडं होणारच."

"थोडं," आई म्हणाली, आणि अहवाल मिटून उठली. त्या आठवड्यात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तिनं खात्याला पत्र लिहिलं. दोन पानं, तिच्या टपोऱ्या अक्षरात. पोच आली, उत्तर आलं नाही. दुसरं पत्र जळीत वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरच्या सहीनं गेलं. त्याला उत्तर आलं की आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. आईला नोंद म्हणजे काय ते चांगलं कळत होतं. तिनं कागद टराटरा फाडला.

दोन महिन्यांनी लाँड्री बंद झाली. ड्रम झाकले. बायकांना निरनिराळ्या वॉर्डांत पांगवलं. खात्याचा एक कारकून यादी घेऊन आला आणि शंभर धुलायांवरचा माल काढायला लागला. कपाटातल्या लाल टाक्याच्या चादरी सगळ्यात जुन्या, म्हणून त्या सगळ्यात आधी. आई कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"मावशी, बाजूला व्हा," तो म्हणाला. "कागदावर यांची किंमत शून्य आहे. शून्यासाठी भांडता?"

"कागदावर तुझीही किंमत कुणी तरी लिहिली असेल," आई म्हणाली. "बघून ये एकदा."

पण तिच्या मागं कुणी उभं नव्हतं. मोठे डॉक्टर परगावी होते. सिस्टरनं धावत येऊन बारा चादरी काखेत मारल्या आणि वर नेल्या. बाकी चारशेच्या वर चादरी पोत्यांत भरून भंगारवाल्याकडं गेल्या. पुसायला चिंध्या म्हणून.

आता आईचं काम होतं मागच्या दारापाशी काट्यावर उभं राहायचं. अकरा वाजता प्लांटची गाडी यायची, धुतलेली गाठोडी काट्यावर चढायची, सहाशे चाळीस भरले की आईनं सही करायची. वजन कधी चुकलं नाही. एकदा त्या सहाशे चाळिसात नुसत्या उशांच्या खोळीच इतक्या आल्या, की अख्ख्या हॉस्पिटलला तीन-तीन उशा देता आल्या असत्या, आणि थिएटरला एकही हिरवा गाऊन नाही. दोन ऑपरेशनं पुढं ढकलावी लागली. तक्रार गेली. उत्तर आलं की मागील महिन्यातील पुरवठा नव्याण्णव टक्के समाधानकारक आहे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी लंगडते की मेली ते कुठून दिसणार?

बारा चादरी जळीत वॉर्डानं सव्वा महिना पुरवल्या. सिस्टर त्या स्वतः धुवायची, स्वतः वाळवायची. मग त्या विरल्या, फाटल्या, संपल्या.

त्याच सुमारास तिथं एक वेल्डर होता. पस्तिशीच्या आतला. एका रिकाम्या टाकीला सांधा मारत होता. टाकीत आधी काय भरलं होतं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आत पेट घेणारी वाफ उरलेली होती, तिचा भडका उडाला. पाठ आणि दोन्ही खांदे गेले. डॉक्टरांनी त्याच्या मांडीची कातडी काढून पाठीला लावली होती आणि ती धरली होती. बारा दिवस तो पालथा होता. तेराव्या दिवशी त्याला पहिल्यांदा उताणा निजवला. प्लांटमधून आलेल्या, ब्लीच केलेल्या, कडक इस्त्रीच्या चादरीवर. सिस्टरनं तीन वेळा मऊ चादर मागितली होती. प्लांटच्या फॉर्मवर मऊ असा रकानाच नव्हता.

सकाळी त्याला कुशीवर वळवताना चादर चिकटलेली निघाली. तळहाताएवढी नवी कातडी तिच्याबरोबर आली.

सिस्टर ती चादर घेऊन मागच्या दारापाशी आली. आई सांगते, ती रडत नव्हती. तिनं फक्त चादर काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "मावशी, हिचं वजन करा."

आई त्या दिवशी घरी आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. मी वह्या तपासत होते. तिनं झालेलं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "थोडं इकडंतिकडं झालं बघ." मला तिच्याकडं बघवेना. मी तोंड उघडलं तर ती म्हणाली, "आता माफीबिफी मागत बसू नकोस. सोमवारी खात्याची बैठक आहे हॉस्पिटलात. मला तो अहवाल पुन्हा समजावून सांग. ओळ न् ओळ. मला कुणी आकड्यात अडवायला नको."

आम्ही दोघी रविवारभर बसलो. मी मुलांना शिकवते त्याहून जास्त कसून तिला शिकवलं. तिनं चौथ्या पानावर अशी चूक काढली जी माझ्याही नजरेतून सुटली होती : गाडी वेळेवर येते हे गृहीत होतं, पण ती किती वाजता यायला हवी हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

बैठकीचं मला सिस्टरनं सांगितलं, कारण आई स्वतःबद्दल कमीच बोलते. आईला बोलावणं नव्हतंच. मोठे डॉक्टर दारात म्हणाले, "मावशी माझ्याबरोबर आहेत," आणि तिला आत घेतलं. टेबलाच्या टोकाला खात्याच्या संचालक मॅडम, त्यांच्या बाजूला सरासरीसाहेब. पडद्यावर आलेख. सगळे आलेख वर जाणारे.

डॉक्टरांनी वेल्डरची हकीकत सांगितली.

"घडलं ते दुर्दैवी आहे," संचालक मॅडम म्हणाल्या. "पण एका अपवादावरून सगळी योजना मोडीत काढायची का?"

"योजना मोडीत काढा असं कोण म्हणतंय?" आई मागून म्हणाली. "मोडीत तर तुम्ही माझ्या चादरी काढल्या."

सगळे वळले. मॅडमनी विचारलं, "या कोण?"

"ज्यांनी सहाशे चाळीस सांगितले त्या," सरासरीसाहेब हळूच म्हणाले. त्यांना ती आठवत होती, हे सिस्टरला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

"साहेब," आई त्यांना म्हणाली, "शंभर धुलाया हा आकडा तुम्ही कुठून आणलात?"

"कापड गिरणीच्या पत्रकातून."

"गिरणीला नवी चादर विकायची असते. ती दुसरं काय सांगणार?"

कुणी तरी खोकलं. साहेब लाल झाले. पण त्यांनी टाळलं नाही. म्हणाले, "मावशी, मी मान्य करतो. पण मॉडेलमध्ये काही तरी सोडावंच लागतं. सगळं घेतलं तर ते मॉडेल राहत नाही, आख्खं हॉस्पिटलच होऊन बसतं."

"सोडा की! मीही सोडते. कुठला शर्ट कुणाचा, मी बघत नाही. कुठल्या खाटेची चादर, बघत नाही. बघत बसले तर दिवस पुरायचा नाही. पण सोडायच्या आधी मी हात लावून बघते, की हे सोडलं तर कुणाचं काय जाईल. तुम्ही हातच लावला नाहीत. जे बघितलं नाही ते सोडलंत, आणि वर त्याला सोपं करणं म्हणता. तुम्हाला सोपं झालं. अवघड झालेलं सगळं वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलंत."

"बाई, आवाज खाली," संचालक मॅडम म्हणाल्या. "धोरण भावनेवर चालत नाही."

आईनं पिशवीतून दोन चादरी काढून टेबलावर टाकल्या. एक प्लांटची, पांढरीफेक. दुसरी घरातली, आमची, मी लहान असल्यापासूनची. "भावना राहू द्या," ती म्हणाली. "साहेब, शर्ट काढा."

"काय?"

"शर्ट काढा आणि उघड्या पाठीनं पाच मिनिटं हिच्यावर झोपा. मग तिच्यावर झोपा. तुमची पाठ तर धड आहे. फरक कळला तर लिहून घ्या. मॉडेलला आकडाच लागतो ना, एक आणि दोन असा घाला."

शर्ट अर्थातच कुणी काढला नाही. साहेबांनी दोन्ही चादरींवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मॅडम पुढचा विषय घ्या म्हणाल्या. तेव्हा ते उठले आणि आईला म्हणाले, "तो माणूस कुठं आहे?"

"तिसऱ्या मजल्यावर. पालथा."

"मला नेता?"

जिन्यात ते एकदा थांबले. आईला वाटलं, परत फिरतात. पण ते फक्त दम खात होते.

वेल्डर पुन्हा पालथा पडलेला होता, कपाळ आणि हनुवटी पट्ट्यांवर टेकलेली, नजर जमिनीवर. आई म्हणाली, "तुम्हाला भेटायला आलेत."

"कोण? मला नुसते बूट दिसतायत," तो म्हणाला. "खाली बसा, म्हणजे तोंड दिसेल."

सरासरीसाहेब फरशीवर मांडी घालून बसले.

"डॉक्टर?"

"नाही. मी चादरींचं गणित केलं होतं." आणि त्यांनी सांगितलं. अकरा हॉस्पिटलं, एक प्लांट, वाचलेलं पाणी, किलोचा हिशोब. काही लपवलं नाही.

वेल्डर ऐकत राहिला. मग म्हणाला, "गणित बरोबर वाटतंय."

"गणित बरोबर आहे. तुम्ही त्यात नव्हता."

"हं. आमच्याकडं टाकीचं ड्रॉइंग येतं. त्यात सांधा म्हणजे एक रेघ. रेघ काढणाऱ्यावर मी कधी चिडलो नाही. सगळं काढत बसला तर टाकी कधी व्हायची? पण आत काय होतं, एवढं एक वाक्य लिहायला हवं होतं की नको? एवढंच. माझ्या वाट्याला दोनदा तेच आलं, साहेब. इथं मी बरा व्हायला आलो होतो."

साहेबांनी माफी मागितली. वेल्डर म्हणाला, "ते ठीक. पण ही कुणाची चूक म्हणून लिहिणार तुम्ही?" अहवालावर सात जणांच्या सह्या होत्या.

शनिवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून आईबरोबर मीही त्या चादरी शोधायला भंगारवाल्याकडं गेले. सरासरीसाहेब खात्याचं पत्र घेऊन आधीच गेटवर उभे होते. पत्र्याची मोठी शेड, तेलाचा वास, छतापर्यंत पोती. भंगारवाला म्हणाला, अर्ध्याहून जास्त माल कापून गॅरेजांना गेला, उरलेलं शोधा. आम्ही पोती सोडायला लागलो. आई लाल टाका बघायची, मग चोळायची, मग मनगट. साहेब सुरुवातीला प्रत्येक चादर तिला दाखवत होते. दुपारपर्यंत ते स्वतःच मनगटावर फिरवून दोन बाजूंना टाकायला लागले.

"ही?" त्यांनी एकदा विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"नाही. हिला ब्लीच लागलंय."

त्यानंतर आईनं त्यांचा ढीग पुन्हा तपासणं थांबवलं.

एकसष्ट अख्ख्या चादरी सापडल्या. चारशेतल्या एकसष्ट. कापलेले तुकडेही आईनं आणले. जोडून बघा, म्हणून बाबांपुढं ठेवले. बाबांनी एक तुकडा बोटांत धरून मान हलवली. "मी कितीही चपटी शिवण घातली तरी ती टोचणारच. त्याला टोचणार. तुला-मला कळणारही नाही." ते तुकडे मग लहान मुलांच्या खाटांना पुरतील तेवढे कापून, कडा मोकळ्या ठेवून दिले.

बाकीच्या चादरींचं काय झालं ते मला राहून राहून टोचतं. ती चूक सुधारता येण्यासारखी नव्हती. सही करून नवा प्लांट उभा राहतो, सही करून बंद लाँड्री उघडता येते. पण पाच वर्षं धुतलेली चादर पाच वर्षं धुतल्याशिवाय मिळत नाही. ते कुठल्या खात्याच्या हातात नाही. त्या कारकुनानं एका सकाळी जे पोत्यात भरलं, ते तीन बायकांनी आपापली अख्खी नोकरी घालून जमवलेलं होतं.

शेवटी असं ठरलं की जनरल वॉर्डाचे कपडे प्लांटमध्येच जातील. तिथं पाणी खरंच निम्मं लागतं, आणि आईनंही ते कबूल केलं. "ते साहेबांचं बरोबर होतं," म्हणाली. थिएटरची गाडी पहाटे वेगळी. आणि तळघरातला एक ड्रम जळीत वॉर्डासाठी परत सुरू झाला, आई आणि रोलरवरची बाई, दोघींवर. संचालक मॅडमनी फायलीवर शेरा मारला : विशेष बाब म्हणून मंजूर. जणू माणसं जळणं ही विशेष बाब आहे आणि त्यांनी ती उदार मनानं मंजूर केली.

वेल्डरच्या पाठीला पुन्हा कातडी लावावी लागली. दुसऱ्या मांडीची. दोन महिने जास्त गेले. उजवा खांदा पूर्ण वर जात नाही, त्यामुळे डोक्यावरचं काम तो आता घेत नाही. त्याला खात्याकडून एका ओळीचंही पत्र गेलं नाही. सरासरीसाहेबांनी तसं पत्र तयार केलं होतं, ते वर अडलं. चूक मान्य केली तर जबाबदारी येते म्हणे. मग चूक कुणाचीच नाही असं ठरलं. ती बिचारी आपोआप झाली.

अहवालाची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात कपड्यांचे पाच प्रकार होते, प्रत्येकाची वेळ वेगळी, आयुष्य वेगळं. चादरीच्या ओळीखाली बारीक अक्षरात टीप होती : माहिती क्षेत्रभेटीतून प्राप्त. मी पेटले. सुट्टी टाकून साहेबांच्या ऑफिसात गेले.

"क्षेत्रभेट म्हणजे कोण?" मी विचारलं. "क्षेत्रानं तुम्हाला मनगटावर चादर फिरवायला शिकवलं?"

त्यांनी मसुदा दाखवला. त्यात आईचं नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं, सगळं होतं. कुणी तरी लाल शाईनं खोडलं होतं आणि समासात लिहिलं होतं, व्यक्तींचे उल्लेख टाळावेत.

"गिरणीचं नाव आहे," मी म्हणाले. "मागच्या पानावर. शंभर धुलायांवाल्या गिरणीचं."

"हो," ते म्हणाले. "मी भांडलो. हरलो."

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, नावाचं काय करायचंय. पण जेवताना मध्येच म्हणाली, "एकोणतीस वर्षं झाली, आणि मी क्षेत्र." बाबा हसायला गेले आणि तिचं तोंड बघून थांबले.

ती रिटायर झाली त्याला आता वर्ष होईल. जायच्या आधी तिनं रोलरवरच्या बाईला सगळं शिकवलं आणि पाच पानांत लिहूनही ठेवलं. परवा सिस्टरचा फोन आला. खात्याचं नवं मॉडेल येतंय, या वेळी हॉस्पिटलांच्या स्वयंपाकघरांचं. सरासरीसाहेबांची बदली झाली आहे. नवीन एक बाई आल्या होत्या आणि मुख्य आचाऱ्याला विचारून गेल्या की रोज एकूण किती किलो अन्न लागतं.

"किलो?" आई फोनवर इतक्या जोरात ओरडली की बाबांचा मशीनवरचा पाय थांबला. "नळीतून जेवणाऱ्याचं किलो? ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवतात त्याचं किलो? आणि आचाऱ्यानं काय सांगितलं?"

सिस्टर म्हणाली, अजून काही सांगितलं नाही, उद्या या म्हणालाय.

"त्याला म्हणावं तोंड उघडू नकोस, मी येतेय," आई म्हणाली. तिनं फोन ठेवला, चपला घातल्या, आणि मला म्हणाली, "वही घे. तुझी, चौकटीची."